तेवीस ठिकाणांची यादी आणि एक बुधवार

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपात: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे न्यूयॉर्कला जात आहोत. पतींचे कार्यालयीन काम आहे. त्यांना फक्त बुधवार पूर्ण मोकळा मिळेल आणि शुक्रवारची संध्याकाळ. बुधवार आम्ही सेंट्रल पार्कसाठी राखून ठेवला आहे. माझी सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावते. तिला पार्कचा पूर्ण वळसा धावायचा आहे आणि तिथल्या रिंकवर स्केटिंगही करायचे आहे. पतींना चित्र-शिल्पांची ओढ आहे, त्यामुळे त्यांना तो सगळा दिवस पार्कातल्या मेट संग्रहालयात हवा आहे. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, ‘तुम्ही फिरून या, मी हॉटेलवरच थांबते.’ मी पार्कातल्या तेवीस ठिकाणांची यादी केली आहे, पण ती दिवसात कशी बसवायची यावरून घरात रोज कुरबुर होते. कोणता क्रम ठेवला म्हणजे कोणाचेच काही राहून जाणार नाही? सासूबाईंसाठी घोडागाडी किंवा सायकलरिक्षा करावी का? आणि परक्या शहरात मुलीला एकटीने धावू द्यावे का?

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मेट, म्हणजेच मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, बुधवारी बंद असते. तुमच्या घरात ज्या वेळेवरून ओढाताण चालली आहे, त्या वेळेतला सर्वांत मोठा वाटा ज्या ठिकाणासाठी मागितला जात आहे, त्याचे दार त्या दिवशी उघडणारच नाही. ही बातमी पतींना सांगताना तुम्हाला वाईट वाटेल, पण मला विचाराल तर ती तुमच्या सहलीच्या पथ्यावर पडणारी आहे. हेच संग्रहालय शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि शुक्रवारची संध्याकाळ तुमच्याकडे मोकळी आहे. बुधवार पार्कचा आणि शुक्रवारची संध्याकाळ संग्रहालयाची, अशी वाटणी केली की अर्धे भांडण तिथेच मिटते. प्रौढांचे तिकीट ३० डॉलर, पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचे २२ आणि विद्यार्थ्यांचे १७ डॉलर आहे. ‘इच्छेनुसार द्या’ ही सवलत न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना आणि आसपासच्या दोन राज्यांतल्या विद्यार्थ्यांनाही मिळते, ती पाहुण्यांसाठी नाही. तुम्ही जाल तेव्हाच्या वेळा आणि दर निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. कोणत्याही मोठ्या पार्कातल्या संग्रहालयाला हेच लागू आहे. टोकियोच्या उएनो पार्कातले राष्ट्रीय संग्रहालय आणि मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेकमधले मानववंशशास्त्राचे संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि सुट्टीच्या हिशेबाने सोमवार निवडणारी कितीतरी कुटुंबे बंद दारापाशी जाऊन परत फिरतात.

आता तुमच्या यादीबद्दल. तेवीस ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटे थांबायचे म्हटले, तरी पावणेसहा तास केवळ थांबण्यात जातात. चालण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही. सेंट्रल पार्क ८४३ एकरांवर पसरलेले आहे. एकोणसाठाव्या रस्त्यापासून एकशे दहाव्यापर्यंत त्याची लांबी सुमारे ४ किलोमीटर आणि रुंदी ८०० मीटर आहे, आणि आतल्या वाटा मुद्दाम वळणावळणाच्या ठेवलेल्या असल्यामुळे नकाशावर दिसते त्याच्या दीडपट तरी चालावे लागते. गुडघे दुखत असलेल्या व्यक्तीला सोडाच, तुमच्या धावपटू मुलीलाही ही यादी संध्याकाळपर्यंत नकोशी होईल. पण यादी लांब आहे, ही माझी मुख्य हरकत नाही. ‘कोणाचेच काही राहून जाणार नाही’ असा क्रम तुम्ही शोधत आहात, आणि त्यामागे एक गृहीतक आहे: चौघांनी दिवसभर एकत्र राहायचे, एकाच वाटेने आणि एकाच वेगाने जायचे. तुमच्या घरातली कुरबुर ठिकाणांवरून आहे असे मला वाटत नाही. ती या गृहीतकावरून आहे.

हे गृहीतक किती अनावश्यक आहे, हे त्या पार्कची रचनाच सांगते. १८५७ साली पार्कच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली, ३३ आराखडे आले आणि १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो तुमच्या प्रश्नाचाच मोठा भाऊ होता. रमतगमत चालणारे, घोड्यावरून जाणारे, बग्गीत बसलेले आणि घाईने शहराच्या एका बाजूकडून दुसरीकडे निघालेले लोक एकाच जागेत कसे सामावून घ्यायचे? त्यांनी सगळ्यांना एका वेगाला बांधले नाही. पायवाटा वेगळ्या केल्या, घोड्यांचा मार्ग वेगळा केला, बग्गीचा रस्ता वेगळा केला आणि जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे कमानी आणि पूल बांधून एक मार्ग दुसऱ्याच्या खालून नेला. शहराची आडवी रहदारी तर त्यांनी चार ठिकाणी जमिनीच्या पातळीखाली उतरवली. त्यामुळे आजही वर हिरवळीवर उभे राहिलेल्याला खालून जाणारी वाहने सहसा दिसत नाहीत. सर्वांनी एकत्र यावे अशा जागा त्यांनी मोजक्याच, पण मन लावून घडवल्या. बेथेस्डा कारंज्याभोवतीचा चौक ही त्यांतली सर्वांत देखणी जागा. ज्या जागेत प्रत्येक गतीसाठी वेगळी वाट आणि सर्वांसाठी एक चौक आहे, तिथे जाऊन चौघांनी एकाच पायवाटेवर कुरकुरत चालणे मला खरोखर अन्यायाचे वाटते.

म्हणून क्रम शोधण्याऐवजी दोन भेटीच्या वेळा आणि दोन भेटीच्या जागा ठरवा, आणि मधल्या वेळात ज्याला जे हवे ते करू द्या.

मात्र त्याआधी सासूबाईंविषयी बोलायला हवे, कारण पत्रातले त्यांचे एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘मी हॉटेलवरच थांबते’ हा त्यांचा निर्णय आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. कदाचित असेलही. परंतु आपल्या घरांतली वडीलधारी माणसे ‘मला नको’ असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’ असा असतो. आणि त्याहून साधे, पण संकोचामुळे कधीच न बोलले जाणारे कारण म्हणजे स्वच्छतागृह. ते कुठे आहे आणि तिथवर किती चालावे लागेल, हे माहीत नसेल तर बहात्तर वर्षांची व्यक्ती घराबाहेर पडायला कचरते आणि त्याचे खापर गुडघ्यांवर फोडते. तुम्ही त्यांना ‘येता का?’ असे विचारू नका, त्या प्रश्नाला ‘नको’ हे उत्तर ठरलेलेच आहे. त्याऐवजी ‘आपण सकाळी एका बागेत जाऊ, तिथे बसायला बाके आहेत, स्वच्छतागृह आहे, चालणे थोडेच आहे आणि दमलात तर मी तुमच्याबरोबर परत येईन’ असे सांगा. माहिती दिली की माणसाला खरा निर्णय घेता येतो. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या, तर तो त्यांचा खराखुरा नकार समजून आनंदाने मान्य करा.

ही बाग म्हणजे कन्झर्व्हेटरी गार्डन. फिफ्थ अव्हेन्यूवर एकशे पाचव्या रस्त्यापाशी तिचे मोठे लोखंडी दार आहे. ते १८९४ मध्ये पॅरिसमध्ये घडवलेले असून मुळात व्हँडरबिल्ट घराण्याच्या हवेलीचे होते. १९३७ साली खुली झालेली ही सहा एकरांची बाग इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश अशा तीन धाटणींत लावलेली आहे. पार्कातला हा शांत राखलेला भाग आहे, तिथे धावायला आणि सायकल चालवायला मनाई आहे. फ्रेंच धाटणीच्या भागात वसंतात ट्यूलिप आणि शरदात कोरियन शेवंती लावण्याची प्रथा आहे. तुम्ही जाल तो काळ या शेवंतीचाच आहे. तेवीस ठिकाणांच्या तुमच्या यादीत ही बाग नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही, कारण बहुतेक पाहुणे एकोणसाठाव्या रस्त्याच्या दक्षिण टोकाकडून आत शिरतात आणि तिथल्या गर्दीतच दमून परततात. तुम्ही उत्तरेकडून सुरुवात करा. मुख्य दारातल्या पायऱ्या टाळायच्या असतील तर एकशे सहाव्या रस्त्याच्या बाजूने आत जा. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या बस दक्षिणेकडेच धावतात, म्हणजे उत्तरेकडून सुरुवात केलेल्यांना पुढचा सगळा प्रवास बसमध्ये बसून, डाव्या-उजव्या बाजूला शहर आणि झाडी पाहत करता येतो. या बस थांब्यावर पुढच्या बाजूने खाली झुकतात, त्यामुळे चढउतार सोपी होते.

घोडागाडी आणि सायकलरिक्षा यांचा प्रश्न मग फारसा उरत नाही. दोन्हींचा वावर मुख्यतः दक्षिणेकडे आहे, आणि सासूबाईंना जिथे खरे सुख मिळेल त्या बागेत सायकलरिक्षा जातच नाही. हौस म्हणून बसायचेच असेल, तर सायकलरिक्षाचे भाडे बहुधा मिनिटावर आकारले जाते हे ध्यानात ठेवा, लावलेला दरफलक आधी वाचा आणि किती मिनिटांची फेरी हे बसण्यापूर्वीच ठरवून घ्या.

मुलीच्या मागणीकडे तुमचा कल थोडा ‘वेळ उरला तर’ असा दिसतो. मूळ पत्रात संग्रहालयाला तुम्ही ‘पाहणे’ म्हटले आहे आणि धावण्याला ‘हट्ट’. ही विभागणी जुनी आहे. पार्क सुरू झाले तेव्हा तिथे चेंडू खेळायची मुभा शाळकरी मुलांनाच होती आणि तीही मुख्याध्यापकांची चिठ्ठी आणल्यावर. शांतपणे पाहणे हाच पार्कचा योग्य उपयोग, अशी त्या काळची समजूत होती. मैदाने आणि मुलांची क्रीडांगणे मोठ्या संख्येने आली ती विसाव्या शतकात. १९७० साली न्यूयॉर्क मॅरेथॉन पहिल्यांदा भरली ती संपूर्णपणे याच पार्कात, चारांहून अधिक फेऱ्या मारून. त्या दिवशी १२७ जण धावायला उभे राहिले आणि ५५ जणांनी अंतर पूर्ण केले. शहराच्या पाचही विभागांतून जाणारी आजची मॅरेथॉनही शेवटी याच पार्कात येऊन संपते. मध्यम पल्ल्याची शर्यत धावणाऱ्या मुलीसाठी तो रस्ता म्हणजे तीर्थ आहे. तिच्या वडिलांसाठी शुक्रवारी जे संग्रहालय असेल, तेच तिच्यासाठी बुधवारी तो वळसा आहे.

पूर्ण वळसा सुमारे ९.८ किलोमीटरचा आहे. उत्तरेकडे त्यात हार्लेम हिल नावाचा चांगलाच दमवणारा चढ लागतो. एकशे दोनाव्या रस्त्याच्या रेषेत असलेली आडवी वाट घेतली तर तो टाळता येतो, पण तुमची मुलगी तो टाळणार नाही असा माझा अंदाज आहे. २०१८ पासून या वळशावर मोटारी नाहीत. धोका आहे तो वेगाने येणाऱ्या सायकलींचा, तेव्हा तिने धावणाऱ्यांसाठी आखलेला पट्टा सोडू नये आणि रस्ता ओलांडताना कानांत गाणी नसावीत. दुसरा पर्याय पार्कातल्या मोठ्या जलाशयाचा आहे. त्याच्या काठची मातीची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे, सायकलींना तिथे मज्जाव आहे आणि सर्वांनी घड्याळाच्या उलट दिशेने धावायचे असा संकेत आहे. एकटीने धावू द्यावे का, याचे माझे उत्तर असे: सकाळच्या उजेडात जलाशयाभोवतीच्या दोन फेऱ्या तिला निःशंकपणे धावू द्या, कारण त्या वेळी तिथे धावणाऱ्यांची वर्दळ असते आणि वळसा लहान असल्याने दर पंधरा मिनिटांनी ती पुन्हा दिसते. पूर्ण वळशासाठी मात्र तिने मार्ग आधी नकाशावर पाहावा, फोन जवळ ठेवावा आणि तिची नेहमीची गती लक्षात घेऊन परतण्याची वेळ तिनेच ठरवून सांगावी. वेळ तिने सांगितली की ती पाळण्याची जबाबदारीही तिची होते.

स्केटिंगचे मात्र मन आताच मोडावे लागेल. वोलमन रिंकवर बर्फाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो, तुम्ही त्याआधीच परतलेल्या असाल. पार्कातल्या खेळाच्या सोयींचे असेच असते. रिंक हंगामी असते, टेनिस कोर्टांना तिकीट किंवा परवाना लागतो आणि बेसबॉलची मैदाने संघांनी आधीच राखून ठेवलेली असतात. ज्या वाचकांची मुले एखाद्या खेळासाठी म्हणून पार्कात जाण्याचा आग्रह धरतात, त्यांनी हंगाम आणि परवाना या दोन गोष्टी मुलांनाच शोधायला सांगाव्यात. म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कात तर १९७२ साली मार्क स्पिट्झने ज्या तलावात सात सुवर्णपदके जिंकली, त्यात आज सामान्य माणसाला तिकीट काढून पोहता येते. ही माहिती आधी मिळाली तर पोहणारे मूल पोशाख बरोबर घेऊन जाते, नाही मिळाली तर काचेतून बघून परत येते.

पतींना बुधवारी काही उरले नाही असे वाटू देऊ नका. बेथेस्डा कारंज्यावरची देवदूताची मूर्ती एमा स्टेबिन्स यांची आहे. ती १८७३ मध्ये बसवली गेली आणि न्यूयॉर्क शहराने एखाद्या स्त्री-शिल्पकाराकडे सोपवलेले ते पहिले मोठे सार्वजनिक शिल्प होते. १८४२ साली शहरात स्वच्छ पाणी आले, त्याचा आनंद या मूर्तीत आहे. तिथून जवळच मॉल नावाच्या वृक्षराजीत २०२० साली स्त्री-हक्कांसाठी लढलेल्या तिघींचे स्मारक उभे राहिले. प्रत्यक्षात होऊन गेलेल्या स्त्रियांचे पार्कातले ते पहिले शिल्प आहे, आणि त्यासाठी इतकी वर्षे जावी लागली हे मुलीलाही सांगण्यासारखे आहे. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला तिसऱ्या थुतमोस राजाच्या काळातला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा इजिप्तमधला ओबेलिस्क (उंच, टोकदार दगडी स्तंभ) १८८१ पासून उघड्यावर उभा आहे. यांपैकी कशालाच तिकीट नाही. आणि त्यांना इतिहासाची जाण असेल, तर पश्चिमेकडच्या ब्याऐंशी ते एकोणनव्वदाव्या रस्त्यांच्या पट्ट्यात सेनेका व्हिलेजच्या खुणा सांगणारे फलक वाचायला सांगा. १८२५ पासून तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती होती, त्यांची स्वतःची घरे आणि चर्च होती, आणि पार्कसाठी १८५७ पर्यंत ती सगळी उठवली गेली. इतक्या सुंदर जागेखाली कोणाचे तरी अंगण आहे, हे ठाऊक असून फिरणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

तुमचा बुधवार मी असा मांडेन. सकाळी नऊच्या सुमारास तुम्ही आणि सासूबाई कन्झर्व्हेटरी गार्डनमध्ये. त्याच वेळी बाप-लेक नव्वदाव्या रस्त्यावरच्या इंजिनियर्स गेटपाशी. धावपटूंची ती नेहमीची जमण्याची जागा आहे. मुलगी धावेल तेवढ्यात वडील जलाशयाकाठी चालतील, हवे तर ओबेलिस्क पाहून येतील. साडेअकराला सर्वांची पहिली भेट बागेत. तिथून फिफ्थ अव्हेन्यूच्या बसने बहात्तराव्या रस्त्यापर्यंत यायचे. त्या दारातून आत गेल्यावर थोड्याच अंतरावर मुलांच्या छोट्या होड्या सोडण्याचे तळे आहे, भोवती बाके आहेत, आणि दुपारची विश्रांती तिथे बिनघोर घ्यावी. दुसरी भेट तीन वाजता बेथेस्डा चौकाच्या वरच्या सज्जात. पायऱ्या न उतरताही तिथून कारंजे आणि मागचे तळे पूर्ण दिसते, त्यामुळे सासूबाईंना खाली नेण्याचा आग्रह धरू नका. पार्कात नऊ हजारांहून अधिक बाके आहेत आणि त्यांतल्या हजारोंवर कोणी ना कोणी आपल्या माणसाच्या आठवणीची छोटी पट्टी बसवून घेतली आहे. नातीने त्या आजीला वाचून, मराठीत सांगाव्यात. दोघींना एकत्र करण्याजोगे, आणि दोघींच्याही वेगाला झेपणारे, याहून चांगले काम मला सुचत नाही.

शुक्रवारी संग्रहालयात सासूबाईही येणार असतील, तर दर्शनी भव्य पायऱ्यांकडे जाऊ नका. एक्क्याऐंशीव्या रस्त्याच्या बाजूला रस्त्याच्या पातळीवरचे दार आहे आणि आत चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. पतींनी त्या संध्याकाळी दोनच दालने निवडावीत. मुलगी कंटाळली तर तिला नऊपर्यंत तिथे अडकवून ठेवू नका, तुम्ही दोघी आधी निघा.

या आठवड्यात करायची कामे थोडी आहेत. यादीतली चार ठिकाणे ठेवा, पण ती चौघांनी एकेक निवडू द्या, त्यात तुमचेही एक असू द्या. भेटीच्या दोन जागा आणि वेळा चौघांच्या फोनमध्ये लिहून ठेवा, आणि फोन बंद पडला तर काय, हेही एकदा सांगून ठेवा. पार्कातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर चार आकडे असतात. पहिले दोन जवळच्या आडव्या रस्त्याचा क्रमांक सांगतात, आणि शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला आहात, विषम असेल तर पश्चिमेच्या. मुलीला हे पाच मिनिटांत पाठ होईल. तिनेच ते आजीला समजावून द्यावे, म्हणजे चुकामूक झालीच तर सासूबाई कोणालाही खांबावरचा आकडा दाखवून आपण कुठे आहोत ते सांगू शकतील. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आधी मावळतो. उत्तरेकडच्या गर्द झाडीत त्या वेळी कोणी नसावे, म्हणून धावणे सकाळीच उरकू द्या आणि संध्याकाळी चौघे बहात्तराव्या रस्त्याच्या दारानेच बाहेर पडा.